पुढेबाईंचं मत

अर्थशास्त्र विभागात एकतीस वर्षं काढूनही पुढेबाईंना अर्थशास्त्र येत नव्हतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. त्या लघुलेखिका होत्या. प्राध्यापकांनी बोलायचं, पुढेबाईंनी ते शॉर्टहँडच्या वहीत बारीक रेघांनी पकडायचं आणि मग टाइप करून द्यायचं, एवढंच त्यांचं काम. वाक्य पकडून झालं की मान वर न करता त्या "पुढे" म्हणत. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं, पण तिथून ते फारसं कधी बाहेर पडलं नाही. शिपायापासून विभागप्रमुखांपर्यंत सगळ्यांच्या त्या पुढेबाईच.

"अर्थ कळायला लागला की हात अडखळतो," असं त्या नव्या टायपिस्ट मुलींना सांगत. त्यांना शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की स्टेनोनं कानापासून बोटांपर्यंत सरळ रस्ता ठेवावा, वाटेत डोक्यात उतरू नये. पुढेबाईंनी हे इतकं मनावर घेतलं की दुपारी तीन ते पाच त्यांचा हात प्राध्यापकांचा आणि मन त्यांचं स्वतःचं, अशी वाटणीच होऊन गेली. हात मागणी आणि पुरवठा लिहीत असे. मन खिडकीतून बाहेर पडे, झाडावरून कौलांवर, कौलांवरून ढगात, आणि ढगातून थेट कधीच्या मेलेल्या नवऱ्याच्या सायकलवर मागे जाऊन बसे. सायकल उताराला लागे, वारा लागे, आणि इकडे हात टोकदार पेन्सिलीनं महागाईची कारणं उतरवत असे. तरी एकतीस वर्षांत एक शब्द कमी नाही की एक जास्त नाही. माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. पुढेबाईंजवळ एवढंच होतं.

विभागात आले-गेले बरेच, पण मुरलेले तिघं. पहिले बाजारसर. उंच, वाळके, बोलताना डोळे मिटून घेणारे. कुणाला काय हवं आणि किती हवं हे वर बसलेल्या कुणालाच दिसत नाही, तेव्हा किमतीला मोकळं सोडा, ती आपोआप सांगेल, हे त्यांचं पालुपद. दुसरे कल्याणसर. ते गोल आणि मऊ. बाजार असू दे, पण पडणाऱ्याच्या खाली सरकारनं जाळी धरलेली हवी, असं ते म्हणत. तिसऱ्या समाजबाई. "जाळी कसली धरताय? माणसाला दोरीवर चढायला लावतो कोण, ते आधी विचारा," असं म्हणून त्या कारखान्यांपासून जमिनीपर्यंत सगळं सगळ्यांच्या मालकीचं करायला निघत. ही नावं विद्यार्थ्यांनी ठेवलेली, पण तिघांनाही ती मनातून आवडत.

तिघांचं कशावरही वाजे. विभागात चहाची एकच किटली होती. बाजारसर म्हणाले, ज्याला घाई असेल त्यानं जास्त पैसे टाकून आधी घ्यावा. कल्याणसर म्हणाले, ज्याचा घसा बसलाय त्याला पहिला कप. समाजबाई म्हणाल्या, किटली सगळ्यांची, तेव्हा घासायची पाळीही सगळ्यांची. यावर तीन टिपणं निघाली, तिन्ही पुढेबाईंनी टाइप केली, आणि किटली एकतीस वर्षं पुढेबाईच घासत राहिल्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय हे कुणाला पाहायचं असेल तर त्या विभागात जावं. पण माणसं वाईट नव्हती. समाजबाई समतेच्या आग्रहापोटी सगळ्यांना अरे-तुरे करत आणि स्वतःलाही तसंच म्हणवून घ्यायला बघत. त्यांना "तू" म्हणायची छाती मात्र कुणाची झाली नाही.

पुढेबाईंचा जीव तिघांपैकी बाजारसरांवर जास्त होता, आणि कारण अगदी व्यवहारी होतं. ते सावकाश बोलत. शिवाय एकदा बोललेलं फिरवत नसत. कल्याणसर टाइप झालेल्या पानावर लाल शाईचा सडा घालत, समाजबाई तर निम्मं प्रकरण फेकूनच देत. बाजारसर म्हणत, "बोललो ते बोललो. चुकलो असेन तर लोक हाणतील." आयुष्यभर एकच मत धरून राहिलेला माणूस. त्यापायी मोठमोठ्या समित्यांवरची बोलावणी हुकली, तरी मत सोडलं नाही.

निवृत्तीनंतर सरांनी शेवटचं पुस्तक सांगायला घेतलं. पुढेबाईंच्याही निवृत्तीला वर्षभरच उरलं होतं. विभागाच्या मागच्या खोलीत दुपारचं पिवळं ऊन टेबलावर येऊन बसे आणि तासभर उठत नसे. धुळीचे कण त्यात वरखाली होत. सर डोळे मिटून बोलत, पुढेबाई "पुढे" म्हणत, आणि दोघंही आपापल्या वाटेनं कुठंतरी जात.

त्यातल्याच एका दुपारी शेवटचं प्रकरण चाललेलं. सर म्हणाले, "समजा, टंचाईचं वर्ष आहे." सरांचं प्रत्येक उदाहरण 'समजा'नं सुरू होई. मग ते थांबले. थांबून सर बरेचदा विचार करत, म्हणून पुढेबाईंनी मान वर केली नाही. पण सर विचार करत नव्हते, त्यांना डुलकी लागली होती. आणि पुढेबाई तर मनानं कधीच्याच निघून गेल्या होत्या. ऊन हातावर होतं, पेन्सिल बोटांत होती, आणि हाताला कुणी थांब म्हणालं नव्हतं. बाहेर कुणीतरी दार आपटलं तेव्हा दोघंही दचकून जागे झाले. सर ओशाळून म्हणाले, "बाई, आज इथंच थांबू." पुढेबाईंनी वही मिटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

पुस्तक जवळजवळ पुरं झालं होतं. सरांच्या पत्नींनी कल्याणसर आणि समाजबाईंना बोलावून घेतलं. "आता तुम्हीच बघा. एवढी वर्षं यांच्याशी भांडलात, तुमच्याइतकं यांचं लिखाण दुसऱ्या कुणाला पाठ आहे?" दोघांनीही डोळे पुसत कबूल केलं. पुढेबाईंनी वह्यांवरून सगळं टाइप केलं, नेहमीसारखंच, कानाऐवजी डोळ्यांपासून बोटांपर्यंत सरळ रस्ता ठेवून. काय टाइप केलं हे त्यांना नेहमीसारखंच कळलं नाही.

कळलं ते आठ दिवसांनी. त्या किटली घासत होत्या आणि समाजबाई कल्याणसरांना शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होत्या.

"समजा, टंचाईचं वर्ष आहे आणि दुधाच्या केंद्रावर रांग आहे. दूध नऊ जणींपुरतंच आहे. नववी बाई निळा डबा घेऊन उभी आहे. डब्याच्या काठाचा टवका उडाला आहे आणि कडी तुटली म्हणून सुतळी बांधली आहे. दहावीच्या कडेवर तान्हं मूल आहे. नववी काही न बोलता दहावीच्या मागे जाऊन उभी राहते. पुढच्या आठ जणी वळून बघतात. मग पहिली दूधवाल्याला म्हणते, माझ्यात थोडं कमी घाल. दुसरी तेच म्हणते. तिसरी नुसती बोटानं दाखवते. शेवटी निळ्या डब्यातही दूध पडतं. काठोकाठ नाही, पण पडतं. बाजार किंमत विचारतो, सरकार यादी विचारतं, संघटना मत विचारते. त्या रांगेत कुणी कुणाला काही विचारलं नाही. त्या आठ जणींच्या 'थोडं कमी'चा अर्थ आमच्या शास्त्राला अजून लावता आलेला नाही."

पुढेबाईंच्या हातात किटली तशीच राहिली. डबा त्यांच्या आईचा होता. सुतळी त्यांनीच बांधून दिली होती, वय वर्षं सात. त्या रांगेत आईचं बोट धरून त्या उभ्या होत्या. हे त्यांनी आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं, सरांना तर नाहीच. एकतीस वर्षं सरांचा आवाज वाहून वाहून हाताला सरांची लकबही लागली होती. 'समजा, टंचाईचं वर्ष आहे' एवढं सरांचं, आणि त्यापुढचं सगळं पुढेबाईंचं.

कल्याणसरांनी चष्मा काढला. "काय लिहिलंय! म्हाताऱ्यानं उभ्या जन्मात असं लिहिलं नाही."

"म्हातारा शेवटी आला की नाही आपल्याकडे?" समाजबाईंचा आवाज भरून आला होता.

"आपल्याकडे म्हणजे माझ्याकडे. टंचाईत दुबळ्याला आधी, हे मी केव्हापासून सांगतोय!"

"वाटून घेतलंय त्यांनी, वाटून! हे माझं आहे."

भांडता भांडता दोघांचं एका वाक्यावर एकमत झालं, आणि ते प्रस्तावनेत जायचं ठरलं : 'आयुष्याच्या अखेरीस बाजारावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, हे या प्रकरणातून दिसतं.' पुस्तक सोमवारी छापखान्यात जाणार होतं. कल्याणसर वळून म्हणाले, "ताई, प्रस्तावना तेवढी उद्या टाइप करून द्या."

पुढेबाई "हो" म्हणाल्या. खोटं कशाला सांगा, त्या क्षणी त्यांना भीती वाटली नाही, आनंद झाला. दोन विद्वान माणसं त्यांच्या आईच्या डब्यावरून भांडत होती. घरी जाताना त्या एक गल्ली चुकून पुढे गेल्या. संध्याकाळ इतकी हलकी होती की पाय जमिनीला लागत नव्हते. जन्मभर दुसऱ्याचे शब्द वाहिले, आणि स्वतःचे म्हणून जे चार आले ते असे आले, झोपेत. भीती वाटली ती घरचा जिना चढताना. ज्या माणसानं जन्मात मत फिरवलं नाही, तो मरता मरता फिरला असं आता छापून येणार होतं. आणि त्याला तोंड उघडून नाही म्हणता येत नव्हतं.

घरी थोरली नणंद होती. एकीचा नवरा गेला तेव्हाच दुसरीचा भाऊ गेला, आणि तेव्हापासून दोघी एकाच छपराखाली राहत होत्या. नणंद शिंप्यांसाठी शर्टांची काजं करून देई. तिच्या तोंडात सुई असली तरी जीभ अडत नसे.

"वन्सं, माझ्या हातून चूक झाली."

"काय करपलं?"

"स्वयंपाकातली नाही हो. ऑफिसातली." आणि पुढेबाईंनी सगळं सांगितलं, डुलकीपासून प्रस्तावनेपर्यंत.

नणंदेनं दोरा तोडला. "लोकांना आवडलं ना? मग गप बस. सांगितलंस तर लोक काय म्हणतील ठाऊक आहे? स्टेनोबाई स्वतःच्या मनचं लिहिते. मग मागच्या एकतीस वर्षांतलं काय काय हिच्या मनचं, हे शोधत बसतील. होता तो मानही जाईल."

"आणि सरांचं काय?"

"त्यांना कुठं कळतंय?"

"कळतंय, वन्सं. बोलता येत नाही, एवढंच."

नणंदेनं हातातला शर्ट खाली ठेवला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असलं हे प्रकरण तिलाही दिसत होतं. मग तिनं नुसतं विचारलं, "तुझ्या आईनं केलं होतं का गं हे खरंच?"

"हो."

"मग तिच्या नावावर दुसऱ्या कुणाची फजिती नको. जा, सांगून ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुढेबाई सरांकडे गेल्या. सर खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर पोरांची असते तशी पाटी, डाव्या हाताशी खडू. पत्नी म्हणाल्या, "एकेक अक्षराला मिनिट लागतं, पण लिहितात. बसा तुम्ही."

पुढेबाईंनी पान काढलं आणि वाचलं. एकतीस वर्षांत त्यांनी सरांना सरांचं कितीदा तरी वाचून दाखवलं होतं, कधी आवाज कापला नव्हता. आज सुतळीपाशी तो कापला. सरांनी सवयीनं डोळे मिटले होते.

"सर, हे तुमचं नाही. तुमचा डोळा लागला होता. हे माझं आहे. म्हणजे माझ्या हातानं लिहिलं, मला न विचारता. ते दोघं म्हणतात तुम्ही मत बदललंत. तसं छापणार आहेत. मी आजच त्यांना सांगून हे काढायला लावते." एवढं बोलून त्या रडायला लागल्या. शरमेनं रडत होत्या आणि उतारा जाणार म्हणूनही रडत होत्या. दोन्ही खरं होतं.

सरांनी डोळे उघडले. खडू पाटीवर टेकला. ऊन पाटीच्या कडेवरून आत आलं, अक्षरं त्यातून एकेक करून उगवली. 'काढू नका.' पत्नींनी पाटी पुसली. पुन्हा बराच वेळ गेला. 'नाव घाला.'

"कुणाचं, सर?"

मग सरांनी पुढेबाईंचं नाव लिहिलं. संपूर्ण. त्यांचं, नवऱ्याचं आणि आडनाव. विभागप्रमुख असताना अकरा वर्षं रोज हजेरीच्या पुस्तकात ते त्यांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. पुढेबाईंनी इतक्या वर्षांत ते त्या पुस्तकाबाहेर कुणाच्या हातचं लिहिलेलं पाहिलं नव्हतं. डावखुरं, थरथरलेलं, एका बाजूला कललेलं. पुसू नका म्हणावंसं त्यांना वाटलं, पण पाटी लहान होती आणि सरांना पुढचं लिहायचं होतं. 'घ्या. माझं उत्तर.'

तिथून त्या विभागात गेल्या आणि सगळं सांगितलं. समाजबाई आधी संतापल्या, मग म्हणाल्या, "तू? तू लिहिलंस हे?" आणि पेन घेऊन प्रस्तावनेतलं ते वाक्य स्वतःच्या हातानं खोडलं. कल्याणसर तर इतके ओशाळले की त्यांनी उठून किटली घासली. दोन-चार दिवस कुजबुज झाली, कुणीतरी जुनी टिपणंही उघडून बघितली. मग कल्याणसरांनी कोपऱ्यात गाठून विचारलं, "ताई, तुमचा कल मुळात आमच्याचकडे आहे, नाही का?" आणि तासाभरानं समाजबाईंनीही तेच विचारलं. छापखान्याला पंधरा दिवस थांबायला सांगितलं.

उताऱ्याखाली छापायचं सरांचं उत्तर उतरवायला चार दुपारी लागल्या. सात ओळी. सर अक्षर काढत, पुढेबाई वाट बघत. मधल्या वेळात सायकलवर जाऊन यायला भरपूर सवड होती, पण मन जाईना. ते खोलीतच बसून राहिलं, खडूच्या टोकाशी. पुढचं अक्षर कुठलं येणार, शब्द काय होणार, आणि हा माणूस आपल्याला नेमकं काय म्हणणार आहे? बाहेर झाडाची सावली भिंतीवरून इकडून तिकडे सरकत जाई. एरवी त्यांना त्या सावलीचाच रस्ता सापडला असता. चौथ्या दुपारी शेवटचा शब्द झाला. पुढेबाईंनी वही उचलली आणि वाचून दाखवलं :

"वरील उतारा माझा नाही. लेखिकेचं नाव दिलं आहे. उतारा उत्तम आहे आणि निष्कर्ष चुकीचा. त्या आठ बायका नववीला ओळखत होत्या, म्हणून त्यांना तिची गरज दिसली. जिथवर ओळख पोचते तिथवर लेखिकेचं म्हणणं खरं. पण शहर ओळखीच्या पलीकडे सुरू होतं. अनोळखी माणसाची गरज फक्त किंमतच पोचवू शकते. माझं मत बदललेलं नाही."

वाचून झालं. सरांनी डोळे मिटले. इतकी वर्षं सरांनी ज्यांना ज्यांना म्हणून खोडून काढलं, ती सगळी मोठमोठी माणसं होती. बाकीच्यांना ते उत्तरच देत नसत. पुढेबाईंना हे ठाऊक होतं, ती सगळी उत्तरं त्यांच्याच हातची होती. आता फक्त वही मिटायची आणि घरी जायचं होतं. त्या उठल्या नाहीत.

"सर," त्या म्हणाल्या, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना नवल वाटलं. "मला हे पटत नाही."

सरांनी डोळे उघडले.

"आम्ही त्या गावात येऊन चारच दिवस झाले होते. माझ्या आईला त्या रांगेत एकही बाई ओळखत नव्हती. नंतरही कधी भेटल्या नाहीत."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. चेहऱ्याची अर्धीच बाजू हलत होती, पण ती हसली. मग त्यांनी डावा हात लांब करून पाटी जवळ ओढली, बाहीनं पुसली, आणि खडू उचलला.